लांडगा-माणसाला माळरान हवं

मॅडॉक फिल्म्सने जानेवारी 2025 मध्ये आपल्या आगामी भयविनोदी चित्रपटांची यादी जाहीर केली. तिच्यात 'भेडिया 2' हे नाव होतं. पहिला 'भेडिया' 25 नोव्हेंबर 2022 ला आला. दिग्दर्शक अमर कौशिक, नायक वरुण धवन, आणि कथा अरुणाचलच्या जंगलातली: रस्त्याचं कंत्राट घेऊन गेलेल्या तरुणाला लांडगा चावतो आणि रात्री तो स्वतःच लांडगा होतो. चित्रपट मेहनतीने केलेला होता, तरी त्याच निर्मात्यांच्या 'स्त्री'ने किंवा 'मुंज्या'ने प्रेक्षकाला जसं धरलं, तसं त्याने धरलं नाही. 'मुंज्या'त मोठा तारा नव्हता, पण पिंपळावरचा मुंजा महाराष्ट्रातल्या घराघरांत आधीपासून माहीत होता. चित्रपटाला फक्त त्याला पडद्यावर आणायचं होतं. लांडगा-माणसाचं तसं नाही. तो आपल्याकडे आला तो सिनेमातून, आणि अजून त्याला आपल्याकडे घर मिळालेलं नाही. माझं म्हणणं असं, की ते घर दाट जंगलात शोधून सापडणार नाही. ते मोकळ्या, कोरड्या, मेंढरांच्या मुलखात आहे, आणि धुळे-जळगावचा खानदेश हा तसा मुलूख आहे.

या मताला आधार बाहेरच्या दोन चित्रपटांत सापडतो. जॉन लँडिस यांचा 'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' 1981 साली आला. लांडगा-माणसाच्या गोष्टीत भीती आणि हसू एकत्र कसं नांदतं, हे ज्या चित्रपटाकडे पाहून शिकावं असा तो आहे. त्याची सुरुवात नीट पाहिली तर दोन अमेरिकन तरुण मेंढ्यांनी भरलेल्या ट्रकमधून इंग्लंडच्या उजाड माळावर उतरतात. गावातल्या दारूच्या गुत्त्याचं नावही कापलेल्या कोकरावरून ठेवलेलं आहे. गावकरी त्यांना रस्ता सोडू नका, माळावर जाऊ नका, असं बजावतात. लांडगा दिसण्याच्या कितीतरी आधी त्या मुलखाला लांडग्याची भीती का वाटते, हे प्रेक्षकाला कळलेलं असतं. रिक बेकर यांनी रंगभूषेतून उभं केलेलं माणसाचं लांडग्यात होणारं रूपांतर इतकं अस्सल होतं, की रंगभूषेसाठी नव्याने सुरू झालेलं ऑस्कर पहिल्यांदा त्यांना मिळालं. सोळा वर्षांनी, 1997 मध्ये, त्याच नावाचा धागा पकडून 'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन पॅरिस' आला. माळ गेला, मेंढ्या गेल्या, गावकरी गेले. आयफेल टॉवर आला आणि रंगभूषेच्या जागी संगणकाने काढलेले लांडगे आले. समीक्षकांनी तो झोडपला. दोष संगणकावर ढकलणं सोपं आहे. मला मोठा दोष वाटतो तो जागेचा. पॅरिसमध्ये लांडग्याला कुणी घाबरत नव्हतं, म्हणून तिथे त्याच्यावर हसण्यातही काही सुटका नव्हती. दुसऱ्या भागात प्रेक्षकाला राक्षस ठाऊक झालेला असतो, नवलाई संपलेली असते. मग भीतीला धरून ठेवायला जमीनच उरते, आणि तीच काढून घेतली की चित्रपट हवेत राहतो.

आता खानदेशाकडे पाहू. उत्तरेला सातपुडा, मधून तापी, दक्षिणेकडून गिरणा आणि पांझरा. रावेर-यावलच्या केळीच्या बागा सोडल्या तर धुळे, साक्री, शिंदखेडा, पारोळा, अमळनेर या पट्ट्यात कोरडवाहू शेती, बाभळी-बोरी आणि गवताचे माळ. भारतीय लांडग्याला लागते ती अशीच जमीन. तो दाट वनातला प्राणी नाही. खुरटी झुडपं आणि गवत हेच त्याचं घर, आणि देशभरात आता तो तीन हजारांच्या आसपासच उरला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. याच माळांवरून साक्री-धुळ्याकडचे ठेलारी मेंढपाळ कळप घेऊन फिरतात. रात्री मेंढरांभोवती वाघूर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावतात, कुत्री मोकळी सोडतात, आळीपाळीने जागतात. लंडनच्या चित्रपटाला गुत्त्यातल्या गावकऱ्यांकडून जी भीती उधार घ्यावी लागली, ती इथे रोजच्या कामाचा भाग आहे.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल, आणि तो वजनदार आहे. खानदेशात लांडगा मेंढी नेतो, पण माणूस लांडगा होतो असं इथे कोण मानतं? खरंच, आपल्याकडे माणूस व्हायचा तर वाघ होतो. इंग्रज अधिकारी स्लीमन यांनी 1844 च्या आपल्या प्रवासवर्णनात मध्य भारतातल्या अशा समजुती नोंदवल्या आहेत, त्यात मुळी खाऊन वाघ होणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. महेश भट्ट यांनी 1992 मध्ये 'जुनून' केला तेव्हा राहुल रॉय पौर्णिमेला वाघ झाला, लांडगा नाही. भारतीय प्रेक्षकाची नस त्यांनी बरोबर ओळखली होती. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा पाड्यांवर वाघदेव पुजला जातो. लांडग्याच्या वाट्याला तसा मान नाही, तो लबाड आणि चोर. दिवसही वेगळा. पौर्णिमेला माणूस बदलतो हा नियम मुख्यतः 1940 च्या दशकातल्या हॉलिवूडने पक्का केला. आपल्याकडे पौर्णिमेला कोजागिरी असते, दूध आटवलं जातं. घराबाहेर पडू नकोस असं आजी सांगते ते अमावास्येला. मेंढपाळाचंही तेच: चांदण्यात कळप दिसतो, धोका अंधाऱ्या रात्रीचा.

पण हा आक्षेप लांडगा-माणसाला खानदेशातून हाकलत नाही. त्याला इथलं व्हायला काय करावं लागेल, एवढंच तो सांगतो. परकं भूत आपलं झाल्याची उदाहरणं आपल्याकडे आहेत. महेश कोठारे यांच्या 1993 च्या 'झपाटलेला'चं बीज 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकी चित्रपटातलं. तरी तात्या विंचू कुणालाही परका वाटला नाही, कारण त्याच्याभोवती मृत्युंजय मंत्र होता, बाबा चमत्कार होता, गावचे पोलीस होते आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा भाबडा लक्ष्या होता. 2013 मध्ये 'झपाटलेला 2' थ्रीडीत आला. बाहुला तोच होता, पण बेर्डे तोवर हयात नव्हते, आणि ज्याच्या घाबरण्यावर आपण हसत होतो तो माणूसच नसल्याची उणीव तंत्राने भरून निघाली नाही. 'स्त्री'चंही तसंच: दारावर 'उद्या ये' लिहिण्याची कर्नाटकातली समजूत उचलून चंदेरीच्या गल्लीत बसवली, तिथल्या शिंप्याच्या दुकानात बसवली, आणि ती चंदेरीची झाली. राक्षस कुठून आला याने बिघडत नाही. तो कुणाच्या दारात येतो आणि ते दार किती खरं आहे, यावर सगळं ठरतं.

आणि हे काम कसं करायचं याची सर्वांत चांगली शाळा खानदेशाच्या उंबरठ्यावरच आहे. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात असलं तरी 1869 पर्यंत खानदेशात होतं. यंत्रमागाच्या या शहरात नासिर शेख यांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' केला. डाकूंना घोडे परवडणारे नव्हते, म्हणून ते सायकलींवर आले. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' आला. त्याच्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला, आणि याच मंडळींवर रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' 28 फेब्रुवारी 2025 ला चित्रपटगृहांत आला. माहितीपटात दिसतं ते असं: कॅमेरा पुढे सरकवायला सायकल, उंच न्यायला बैलगाडी. पैशाच्या अडचणीतून आलेल्या या युक्त्यांचं कौतुक पुष्कळ झालं. मला अधिक मोलाची वाटते ती त्यांची विचार करण्याची पद्धत. सुपरमॅन आणला तो जसाच्या तसा नाही. त्याचा शत्रू त्यांनी आपल्या गल्लीतून घेतला, घाणीवर आणि तंबाखूवर प्रेम करणारा. नायक हडकुळा यंत्रमाग कामगार. परग्रहावरून आलेल्या बलदंड माणसाला आपल्या शहराच्या दुखण्याशी लढायला लावलं, म्हणून तो मालेगावचा झाला आणि म्हणून त्याच्यावर आलेलं हसू आपुलकीचं होतं. हीच रीत लांडगा-माणसाला लावून पाहा. बेकर यांच्या केसाळ कातड्याऐवजी मेंढपाळाची काळी घोंगडी. पौर्णिमेऐवजी अमावास्या. आणि मेंढरं राखणाऱ्याच्याच अंगात लांडगा शिरला तर? जो रात्रभर कळप राखतो त्यालाच कळपाचा वास यायला लागतो, त्याची स्वतःची कुत्री त्याच्यावर भुंकतात, आणि सकाळी तोच हरवलेलं कोकरू शोधत फिरतो. यात भीतीही खरी आहे आणि हसूही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. प्राण्यांची भीती ज्या भागात जिवंत आहे, तिथे असा चित्रपट आगीत तेल ओतणार नाही का? चाळीसगाव तालुक्यात 2017 मध्ये नरभक्षक बिबट्याने माणसं मारली, डिसेंबरमध्ये त्याला गोळी घालावी लागली. 2024 मध्ये उत्तर प्रदेशातल्या बहराइच जिल्ह्यात लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले. हे नाकारून कुणी लांडग्याला निरुपद्रवी ठरवू नये. त्याच वेळी हेही खरं, की खानदेशात प्राण्यांनी माणसाचं जितकं नुकसान केलं, त्याच्या कितीतरी पट माणसाने प्राण्यांचं केलं. भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या खानदेशातल्या दहा वर्षांच्या शिकारीत 191 वाघ मारले गेल्याची नोंद आहे. चाळीसगावहून कन्नडला जाणारा औट्रम घाट त्याचंच नाव आजही मिरवतो. आज जळगाव जिल्ह्यात वाघ उरला तो मुक्ताईनगरकडच्या एका लहानशा वनपट्ट्यात.

शिवाय लांडगा-माणसाच्या गोष्टीत भीतीचा मूळ विषय प्राणी नसतोच. कालपर्यंत शेजारी असलेला माणूस आज लचके तोडणारा कसा होतो, हा तिचा प्रश्न. त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला खानदेशाला कल्पनेची गरज नाही. 1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. पिढ्यानपिढ्या दारोदार भिक्षा मागणारी माणसं होती ती, मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेली. या घटनेवर विनोद होऊ शकत नाही, होऊही नये. पण अफवेवर विनोद होऊ शकतो, आणि तो व्हायला हवा, कारण हसण्याचा विषय झालेली अफवा माणसाच्या हाती दगड देऊ शकत नाही. गावात लांडगा-माणूस आल्याची बातमी मोबाइलवरून फिरते, जो तो दुसऱ्याच्या हाताचे केस मोजू लागतो, परका दिसला की घेरला जातो, आणि खऱ्या लांडगा-माणसालाच गर्दीपासून लपावं लागतं. भयविनोदी चित्रपटाने हे केलं तर तो भीती वाढवणार नाही, ती उघडी पाडेल. पहिल्या 'भेडिया'त ईशान्येच्या माणसांकडे परकेपणाने पाहणाऱ्यांचे कान उपटलेले होतेच. दुसऱ्या भागाने तो धागा पुढे न्यावा.

तिसरा मुद्दा जमिनीचा. 'भेडिया'तला लांडगा जंगलावर घाव घालणाऱ्यांना लक्ष्य करतो. झाड तोडणारा खलनायक प्रेक्षकाला लगेच कळतो, कारण झाड पडताना दिसतं. माळ नाहीसा होताना दिसत नाही. सरकारदरबारी तो 'पडीक' असतो, आणि पडीक जमिनीवर काहीही आलं तरी तो विकासच ठरतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे, शिवाजीनगरला 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. सूर्य-वाऱ्याची वीज देशाला हवीच, हे प्रकल्प चुकीचे असं माझं म्हणणं नाही. कुठला माळ द्यायचा आणि कुठला राखायचा, हे ठरवताना मेंढपाळाला आणि वन्यजीवांच्या अभ्यासकाला विचारलं जावं, एवढीच मागणी आहे. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कागदावर त्याला वाघाइतकंच संरक्षण. पण तो जिथे राहतो त्या गवताला कसलंच नाही. ठेलारी आणि लांडगा एकमेकांचे वैरी खरे, पण माळ गेला की दोघेही एकाच दिवशी उघड्यावर येतात. वैऱ्यांना एका बाजूला आणणारी ही परिस्थिती कुठल्याही पटकथाकाराने स्वतःहून शोधली असती तर तिचं कौतुक झालं असतं. इथे ती आयती आहे.

राहता राहिला खर्चाचा आणि बाजाराचा प्रश्न. शंभर कोटींचा हिंदी चित्रपट धुळ्याच्या माळावर कशाला येईल, असं कुणी विचारेल. तो न आला तरी हरकत नाही. अहिराणी गाणी आज यूट्यूबवर खानदेशाच्या कितीतरी पलीकडे ऐकली जातात, 'हाई झुमका वाली पोर' महाराष्ट्रभर लग्नांत वाजलं. खानदेशी विनोदाच्या चित्रफिती गावोगाव पाहिल्या जातात. तमाशातल्या सोंगाड्याची हजरजबाबी परंपरा इथे मेलेली नाही. कॅमेरा आहे, प्रेक्षक आहे, भाषा आहे. आजवर या ताकदीचा उपयोग बहुतेक लग्नाच्या आणि नवरा-बायकोच्या विनोदांवर झाला. जळगाव-धुळ्याच्या तरुण चित्रकर्मींना म्हणून सांगणं आहे: मुंबईच्या दुसऱ्या भागाची वाट पाहू नका. एका ठेलाऱ्याच्या वाड्यावर चार रात्री काढा, त्याची कुत्री कधी आणि का भुंकतात ते विचारून घ्या, आणि लांडगा-माणसाचा चित्रपट अहिराणीत तुम्ही करा.