पंच, पैलवान आणि पडताळणी

वैद्यकीय स्मरणिकेत कुस्तीचा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु निर्णय देणे आणि दिलेला निर्णय तपासला जाणे, या दोन्ही गोष्टी आपल्या व्यवसायाच्या गाभ्याशी आहेत. शिवाय सुरतेत उधना-लिंबायतकडील खानदेशी रुग्ण दुखण्याइतक्याच आस्थेने माझ्याशी कुस्तीविषयीही बोलतात.

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या गादी विभागातील अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळ यांनी शिवराज राक्षे यांना चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, चित्रफीत तपासा, असे राक्षे यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही. संतापाच्या भरात त्यांनी पंचांची कॉलर धरली, लाथही मारली. पुढे मोहोळ यांच्याविरुद्धच्या किताबी लढतीत महेंद्र गायकवाड यांनीही पंचांच्या निर्णयावरून मैदान सोडले. मोहोळ यांना गदा मिळाली. राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

पंचांवर हात उचलणे कदापि समर्थनीय नाही. रुग्णाच्या नातेवाइकांचा उद्रेक पाहिलेल्या डॉक्टरांना हे सांगावयास नको. तथापि दाद मागण्याचे दार बंद दिसले की उद्रेकाला वाट मिळते, हेही आपण जाणतो.

आंतरराष्ट्रीय कुस्तीत गुणांच्या निर्णयावर प्रशिक्षक आव्हान देऊ शकतो. मग चित्रफीत पाहिली जाते आणि आव्हान फेटाळले गेल्यास प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. चितपटीवर मात्र आव्हान नाही. मॅट-प्रमुखाने ती पडताळलेलीच असते, असे गृहीत आहे. म्हणजे ज्या निर्णयाने कुस्तीच संपते, त्याचीच पडताळणी प्रेक्षकांना दिसत नाही. ती प्रामाणिकपणे झाली असली, तरी न दिसणारी पडताळणी लोकांच्या लेखी झालेलीच नसते.

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचे उदाहरण येथे बोलके आहे. २००७ साली टिम डोनाघी या एन.बी.ए. पंचाने सट्टेबाजीशी निगडित गुन्हे कबूल केले आणि पंचांवरील विश्वासाला तडा गेला. २०१५ पासून एन.बी.ए. चुरशीच्या सामन्यांतील अखेरच्या दोन मिनिटांचा अहवाल प्रसिद्ध करू लागली. कोणता निर्णय बरोबर, कोणता चूक, कोठे शिट्टी वाजावयास हवी होती, हे त्यात सांगितले जाते. निकाल मात्र बदलत नाही. पंचांच्या संघटनेने या प्रथेवर टीका केली. खेळाडूंनाही दुसऱ्या दिवशी कळलेली चूक जखमेवर मीठ वाटते. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. उशिरा आलेले सत्य समाधान देत नाही, पण पुढच्या सामन्यासाठी शिकवण देते.

क्रिकेटने ही उणीव काहीशी भरून काढली. भारतीय मंडळाने दीर्घकाळ विरोध केलेली पुनरावलोकन पद्धती २०१६ मध्ये आपल्या शेजारच्या राजकोट कसोटीपासून मायदेशात आली. तिसऱ्या पंचांची विचारप्रक्रिया आता प्रेक्षक ऐकतात. ‘अंपायर्स कॉल’ ही तर मला वैद्यकीय वृत्तीची कल्पना वाटते: पुरावा निर्णायक नसेल तेथे तसे सांगावे आणि मूळ निर्णय कायम ठेवावा. सीमारेषेवरील अहवाल देताना पॅथॉलॉजिस्ट दुसरे काय करतात?

आपल्याकडे मृत्यू-आढावा सभा होतात. त्यांचा हेतू दोषी शोधणे नसून कारण शोधणे हा असतो. कुस्तीलाही हीच दृष्टी हवी. चितपटीची चित्रफीत गदा देण्यापूर्वी मोठ्या पडद्यावर दाखवावी, निर्णयाचे कारण ध्वनिक्षेपकावरून सांगावे आणि वादग्रस्त लढतींचा आढावा ठरावीक मुदतीत प्रसिद्ध करावा. यात पंचांचा अधिकार कमी होत नाही. कारण सांगू शकणाऱ्या पंचालाच पोलिसांच्या कड्याविना मैदानाबाहेर पडता येते. वर्षानुवर्षे घाम गाळलेल्या पैलवानाला आपण का हरलो, हे निदान कळावयास हवे. तेवढे तर आपण प्रत्येक रुग्णालाही देणे लागतो.