एलईडी बल्ब उडतो कशामुळे? वॉरंटी देण्याआधी हे वाचा



घरच्या घरी एलईडी बल्ब बनवायचा विचार करताय? मग आधी एक हिशोब करा. समजा, बल्ब बनवायला 40 रुपये लागले आणि त्यावर 10 रुपये सुटले. एक बल्ब वॉरंटीत बदलून दिला, की चार बल्बांचा नफा गेला! म्हणून बल्ब का जळतो, हे धंदा सुरू करण्याआधीच कळायला हवं.

1. कपॅसिटर सुकतो
ड्रायव्हरमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये द्रव रसायन असतं. उष्णतेने ते हळूहळू सुकतं. ढोबळ नियम असा, की तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. आता बघा, बल्बच्या आत 85 अंश तापतंय. '85 अंश, 2000 तास' वाला कपॅसिटर तिथे 2000 तासच चालेल. रोज 6 तास बल्ब लावला, तर 11 महिन्यांत खेळ खल्लास. '105 अंश, 2000 तास' वाला त्याच जागी साधारण 8000 तास, म्हणजे साडेतीन वर्षं काढतो. दोन वर्षांची वॉरंटी कोणत्या कपॅसिटरवर द्यायची, तुम्हीच ठरवा.

2. एलईडी करपते
एलईडीची उष्णता अॅल्युमिनियमच्या प्लेटमधून बॉडीत जायला हवी. प्लेट नीट बसली नाही किंवा हीट सिंक पेस्ट लावलीच नाही, तर उष्णता तिथेच अडकते. एलईडी एकामागोमाग एक सिरीजमध्ये जोडलेल्या असतील, तर एक उडाली तरी सगळा बल्ब बंद.

3. व्होल्टेज चढतं
थ्री फेज लाइनचा न्यूट्रल तुटला, तर घरातलं 230 व्होल्ट 400 च्या जवळ जाऊ शकतं. ड्रायव्हरमधला एमओव्ही क्षणभराचा झटका अंगावर घेतो. पण व्होल्टेज चढलेलंच राहिलं तर तोही जळतो. म्हणून त्याच्या आधी फ्युज हवाच.

मग करायचं काय?
किट घेताना फक्त भाव विचारू नका. कपॅसिटर किती अंशांचा, एमओव्ही आणि फ्युज आहेत का, हेही विचारा. पहिल्या लॉटमधले काही बल्ब बंद फिटिंगमध्ये सलग चालवून बघा. आणि हो, विक्रीसाठी बीआयएस नोंदणी बंधनकारक आहे, ते विसरू नका.

परत आलेला बल्ब फेकू नका, उघडून बघा. कपॅसिटर फुगलाय? एलईडीवर काळा ठिपका आहे? एमओव्ही जळलाय? वहीत लॉटप्रमाणे लिहून ठेवा. पुढचा माल कुठून घ्यायचा, ते ती वहीच सांगेल.