मूळव्याधीची ट्यूब: कुठली, कशी आणि किती दिवस?

(आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ फार झाले होते, तेवढे काढलेत. बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा विषय असा आहे की हेडफोन लावूनच ऐका. मूळव्याध, फिशर आणि त्यावर लावायची ट्यूब. हसू आलं तर हसून घ्या, मलाही रेकॉर्डिंग दोनदा थांबवावं लागलं.

आधी एक सांगतो. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण या बाबतीत मी दोन चुका केल्यात आणि दोन्ही अगदी कॉमन आहेत, असं माझ्या डॉक्टर मॅडमनीच सांगितलं. म्हणून हा भाग.

झालं असं. रिलीजचे दिवस होते. रोज बारा-तेरा तास खुर्चीत, पाणी कमी, जेवण बाहेरचं. एक दिवस सकाळी संडासला गेलो आणि काच कापत गेल्यासारखं दुखलं. टिश्यूवर लाल रक्ताचा डाग. आणि नंतर दोन-तीन तास ठणका. मीटिंगमध्ये धड बसता येईना. टीममधल्या एका मित्राला हळूच विचारलं, तर तो म्हणाला, ‘अरे पाइल्स आहे, मेडिकलमधून ट्यूब घे, दोन दिवसांत बरं वाटतं.’ घेतली. आणि खरंच दोन दिवसांत बरं वाटलं. मग दुखलं की लाव, दुखलं की लाव, असं करत करत सात आठवडे गेले.

सात आठवड्यांनी दुखणं तिथंच होतं, वर खाज आणि आग सुरू झाली. तेव्हा कुठं डॉक्टरकडे गेलो. मॅडमनी तपासलं, ट्यूब हातात घेतली, मागची बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, ‘किती दिवस लावताय ही?’ मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘हिच्यात स्टेरॉइड आहे. सात दिवसांच्या वर लावायची नसते. आणि तुम्हाला मूळव्याध नाहीच, फिशर आहे.’

मूळव्याध आणि फिशर एक नाहीत

आपल्याकडे तिथं काहीही झालं की त्याला मूळव्याधच म्हणतात. मूळव्याध म्हणजे गुदमार्गातल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या सुजणं. आतली मूळव्याध बहुतेक वेळा दुखत नाही, कारण आतल्या भागात दुखणं कळवणाऱ्या नसा नसतात. नुसतं लाल रक्त पडतं, कधी कोंब बाहेर येतो. बाहेरची असेल तर गाठ लागते, आणि तिच्यात रक्त साखळलं तर अचानक खूप दुखतं.

फिशर म्हणजे गुदद्वाराच्या तोंडाशी पडलेली चीर. बहुतेक वेळा कडक शौचामुळे पडते. चीर दुखते म्हणून तिथला स्नायू आवळला जातो. आवळला की त्या जागेचा रक्तपुरवठा कमी होतो. रक्त कमी म्हणून चीर भरत नाही आणि दुसऱ्या दिवशी परत फाटते. हे चक्र तोडल्याशिवाय फिशर बरं होत नाही, आणि माझी ट्यूब ते चक्र तोडतच नव्हती. आमच्या भाषेत सांगायचं तर मी रोज अलर्ट म्यूट करत होतो, बग तसाच होता.

ट्यूबच्या मागे काय लिहिलंय?

ब्रँडचं नाव सोडा, घटक वाचा. साधारण ही नावं सापडतात.

लिडोकेन: जागा बधीर करतं. दुखणं थांबतं, जखम भरत नाही. भरपूर लावलं तर जास्त फायदा होतो असंही नाही. फाटलेल्या त्वचेतून ते रक्तात जाऊ शकतं, आणि काहींना ॲलर्जीही येते.

हायड्रोकॉर्टिसोन, बेक्लोमेथासोन वगैरे: ही स्टेरॉइड्स. सूज आणि खाज कमी करतात, पण जास्त दिवस लावली तर त्वचा पातळ होते आणि बुरशीचा संसर्ग वाढायला वाव मिळतो. माझी खाज तीच होती. गंमत म्हणजे खाज आली म्हणून मी अजून ट्यूब लावत होतो.

झिंक ऑक्साइड: त्वचेवर थर धरून तिला जपतं.

डिल्टियाझेम, निफेडिपिन किंवा नायट्रोग्लिसरिन: ही फिशरची खरी औषधं. स्नायू सैल करतात, रक्तपुरवठा वाढतो, चीर भरते. पण ही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावायची नाहीत. नायट्रोग्लिसरिनने डोकं जोरात दुखू शकतं, बीपी उतरू शकतं. सिल्डेनाफिलसारखी गोळी घेत असाल तर नायट्रोग्लिसरिन अजिबात नाही, बीपी धोकादायक खाली जातं. बीपीची किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर ते आधीच सांगा.

माझी दुसरी चूक

मॅडमनी डिल्टियाझेम लिहून दिलं आणि स्पष्ट सांगितलं, सहा ते आठ आठवडे लावायचं. नवव्या दिवशी दुखणं गेलं, मी ट्यूब बंद केली. पुढच्याच आठवड्यात परत तीच काच.

म्हणजे बघा, जी सात दिवसांत थांबवायची ती मी सात आठवडे लावली, आणि जी आठ आठवडे लावायची ती नऊ दिवसांत सोडली. या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: किती दिवस लावायची हे दुखण्यावरून ठरवू नका. ट्यूबमध्ये काय आहे त्यावरून ठरतं, आणि ते डॉक्टरांना विचारून घ्या.

लावायची कशी?

१. शौचानंतर आणि रात्री झोपताना, किंवा डॉक्टर सांगतील तसं. आधी टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसा. पाण्यात डेटॉल, मीठ, तुरटी काही नको. पाणी कोमटच हवं, चटका बसेल असं नको.

२. साबण न लावता धुवा, मऊ कापडानं टिपून कोरडं करा. घासू नका.

३. हात धुवा, नख कापलेलं असू द्या. वाटाण्याएवढं मलम बोटावर घ्या. फिशर असेल तर तोंडाशी आणि अगदी थोडं आत, हलक्या हातानं लावा. नायट्रोग्लिसरिन असेल तर बोटाला हातमोजा किंवा प्लॅस्टिक, नाहीतर बोटातूनही औषध अंगात जातं.

४. ट्यूबबरोबर येणारी लांब नळी आतल्या मूळव्याधीसाठी असते. फिशरमध्ये ती घालून चीर वाढवू नका. वापरायची असेल तर आधी तिला बाहेरून थोडं मलम लावा, जोर देऊ नका, नंतर धुऊन ठेवा. घरात दोघांनी एकच नळी वापरायची नाही.

५. नंतर हात साबणानं धुवा. तोच हात डोळ्याला लागला तर काय होतं ते मी अनुभवलंय.

गरोदर असाल, बाळाला दूध पाजत असाल किंवा लहान मुलाला लावायची असेल तर स्वतःच्या मनानं कुठलीच ट्यूब नको. तिथं पू किंवा पुरळ असेल तर स्टेरॉइडची तर नकोच.

आणि शौच मऊ झालं नाही तर कुठलंच मलम पुरं पडत नाही. भाज्या, फळं सालासकट, डाळी, भाकरी. इसबगोल घेतलंत तर ग्लासभर पाण्याबरोबर लगेच प्या, वर दिवसभर पाणी हवंच, नाहीतर उलट जास्त जाम होतं. कुंथायचं नाही. आणि मोबाइल संडासच्या बाहेर. हे मला सगळ्यात जड गेलं.

ट्यूब बाजूला ठेवून डॉक्टरकडे कधी?

सात दिवसांत फरक नाही, रक्त जास्त जातंय किंवा चक्कर येतेय, शौच डांबरासारखं काळं होतंय, ताप आणि पू आहे, वजन घटतंय, शौचाची सवय अचानक बदललीय, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता, किंवा वय पंचेचाळीसच्या पुढं आहे आणि रक्त पडतंय. यातलं एक जरी असलं तरी जा.

हे शेवटचं मी मुद्दाम सांगतोय. मी बरा होत आल्यावर घरी फोनवर बाबांना सगळं सांगितलं. लाज वाटत होती. ते शांतपणे म्हणाले, ‘अरे, मला पण आहे की. दोन वर्षं झाली. ट्यूब लावतो मी.’ बाबा सत्तावन्न वर्षांचे. दुखत नव्हतं, नुसतं अधूनमधून रक्त, म्हणून त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं. मी त्यांना जवळजवळ ओढतच डॉक्टरकडे नेलं. कोलोनोस्कोपी झाली. आतली मूळव्याध निघाली, आणि वर आतड्यात एक छोटा पॉलिप. तो तेव्हाच काढला. रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. पण असे काही पॉलिप वर्षानुवर्षं राहिले तर पुढं कॅन्सर होऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले. ट्यूबनं तो कधीच दिसला नसता.

दोन वर्षं आम्ही दर रविवारी फोनवर बोलत होतो. क्रिकेट, पाऊस, गाडीचं सर्व्हिसिंग. हा विषय एकदाही निघाला नाही.

तर मंडळी, आज घरी फोन कराल तेव्हा सहज विचारून बघा. तुमचे प्रश्न पाठवा, नाव न घालता पाठवलेत तरी चालतील. भेटू पुढच्या भागात. आणि हो, पाणी प्या!