विमानतळावरचा पेला : एक मागोवा

जळगावहून अजिंठ्याच्या मार्गाने चाळीसेक किलोमीटर पुढे गेले की पहूर लागते. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी अरुंद मापाची आगगाडी, जिला आमच्या मुलुखात ‘पीजे’ या दोन अक्षरांपलीकडे कोणी नाव ठेवले नाही आणि जी २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच, तीही याच गावावरून जात असे. लेणी पाहण्याच्या हेतूने जळगाव स्थानकावर उतरलेला परदेशी पाहुणा मोटारीने पहूर ओलांडूनच फर्दापूरकडे जातो. आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत तयार झालेली बिअरची खोकी घेऊन खानदेशात उतरणाऱ्या मालमोटारींनाही हा फाटा अपरिचित नाही. अशा गावी बसून विमानांतील व विमानतळांवरील बिअरच्या निवडीचा मागोवा घ्यावा, हे कोणास विक्षिप्तपणाचे वाटेल. परंतु ही निवड आपल्या देशात प्रवाशाच्या रुचीने फारशी कधी केलीच नाही, ती आबकारीच्या दफ्तराने केली, ही गोष्ट पहूरसारख्या सरहद्दीवरच्या गावातून जितकी स्वच्छ दिसते तितकी मुंबईच्या झगमगत्या दालनातून दिसत नाही.

सरहद्द हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. पहूर इंग्रजी अमलाखालील खानदेशात होते, तर अजिंठ्याची लेणी निजामाच्या मुलुखात. आणि संस्थान विलीन झाल्यानंतरही १९५६ पर्यंत तो प्रदेश हैदराबाद राज्यातच राहिला. ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी जारी झाली, तेव्हा आमच्या बाजूला मोरारजीभाईंचा कायदा आणि काही कोसांवर ज्याच्या तिजोरीचा मोठा आधार आबकारीचे उत्पन्न हाच होता असे राज्य, अशी स्थिती सहा वर्षे टिकली. ज्या रस्त्याने बौद्ध चित्रकलेचा अभ्यासक जात होता, त्याच रस्त्याने अन्य प्रयोजनाने जाणारे लोकही असतील, याविषयी कोणी दाखला मागू नये. परदेशी पाहुण्यांसाठी निराळा परवाना मिळण्याची तजवीज होती. एतद्देशीयांस मात्र प्रकृतीच्या कारणास्तव वैद्यकीय दाखला पैदा करावा लागे. कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या बलसारा खटल्याचा निकाल १९५१ मध्ये लागला आणि काही कलमे वगळता कायदा टिकला. पुढे साठोत्तरी काळात बंधने सैल झाली, तरी परवान्याची कल्पना मुळासकट गेली नाही. खानदेशातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी ‘परमिट रूम’ ही पाटी आजही लटकते, आणि आत बसलेल्यांपैकी किती जणांच्या खिशात परमिट असते हे विचारण्याचा अरसिकपणा सहसा कोणी करीत नाही.

याहून जुनी एक गोष्ट येथेच नोंदवितो, कारण आजकाल ‘स्थानिक’ या विशेषणाचे जे कौतुक चालते त्याच्या संदर्भात ती विसरण्याजोगी नाही. सातपुड्यातील भिल्ल व पावरा वस्त्यांमध्ये मोहाच्या फुलांची दारू घरोघरी, लहान भांड्यांतून, हंगामागणिक निराळ्या चवीची निघत असे. आजच्या परिभाषेत तिच्याइतके ‘क्राफ्ट’ दुसरे काय असणार? १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने या घरगुती भट्ट्या बेकायदा ठरवून गाळपाचा हक्क परवानाधारक डिस्टिलऱ्यांकडे नेला. लहान प्रमाणावर, स्थानिक द्रव्यांतून, हाताने केलेले पेय हे सरकारी महसुलाच्या दृष्टीने सव्वाशे वर्षे गुन्हा होते. त्यानंतर तेच तत्त्व काचेच्या भिंतीआडच्या चकचकीत पोलादी टाक्यांतून अवतरले, तेव्हा त्यास प्रतिष्ठा प्राप्त झाली.

आता आकाशाकडे वळू. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आतच मुंबईच्या भूमीवर मद्य निषिद्ध झाले. परिणामी सीमाशुल्क खात्याच्या कर्मचाऱ्यांनी उतरलेल्या विमानातील मद्याच्या कपाटांना सील ठोकायचे आणि विमानाने पुन्हा परदेशाची वाट धरल्यावरच ते उघडायचे, असा शिरस्ता पडला. एअर इंडियाच्या बोधचिन्हातील महाराजाच्या आतिथ्याची कीर्ती जगभर पसरली ती समुद्र ओलांडल्यावरची. देशांतर्गत विमानात मद्य देण्यास नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मनाई आहे, आणि हा नियम इतका अंगवळणी पडला आहे की त्याविषयी तक्रार करणारा प्रवासीही विरळा. तेव्हा जळगाव असो वा मुंबई, देशी मार्गावरच्या भारतीय प्रवाशाची बिअर जी काय असेल ती जमिनीवरच, प्रतीक्षेच्या वेळेत.

या नियमाची सर्वांत चमत्कारिक कसोटी किंगफिशर एअरलाइन्सने पाहिली. १९७८ मध्ये नव्याने बाजारात आणलेल्या किंगफिशर या बिअरने पुढे देशभर आपले बस्तान बसविले. परंतु दूरचित्रवाणीवर मद्याच्या जाहिरातींना २००० पासून बंदी आल्यामुळे तिच्या बोधचिन्हावरील पक्ष्याचे चित्र कधी पाण्याच्या बाटलीवर, कधी दिनदर्शिकेवर, असे मिळेल त्या आश्रयाने मिरवू लागले. ९ मे २००५ रोजी त्या पक्ष्यास खरोखरीचे पंख लाभले. विमान लाल, गणवेश लाल, स्वागतास तत्पर हवाई सुंदरी, भोजन उत्तम. आणि ज्या पेयामुळे हे नाव घराघरांत पोहोचले ते पेय तेवढे आत निषिद्ध! जाहिरात बिअरची, तिकीट विमानाचे आणि हातात लिंबूपाणी, असा तो त्रिवेणी संगम होता. सप्टेंबर २००८ मध्ये बंगळूर ते लंडन ही सेवा सुरू झाली तेव्हा कोठे किंगफिशरच्या विमानात किंगफिशर मागण्यास कायद्याची आडकाठी उरली नाही. पण तोवर कंपनीचे दिवस भरत आले होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिचा परवाना निलंबित झाला. कर्मचाऱ्यांचे थकलेले पगार आणि बँकांची बुडीत कर्जे यांपुढे आतिथ्याच्या आठवणी फिक्या पडतात, आणि त्या फिक्या पडाव्यात हेच योग्य. मात्र विमानातील बिअरचा इतिहास लिहिणाऱ्यास बिअरच्याच नावाने उडणारे कोरडे विमान इतरत्र कोठे सापडणार नाही.

आकाशात बिअरची चव कशी लागते, हा प्रश्न इतर देशांनी मात्र मोठ्या गांभीर्याने हाताळला. विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावरल्यासारखा असतो, आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते, नाक कोरडे पडते आणि नाक कोरडे पडले की जिव्हा निम्मी बधिर होते. लुफ्तान्सासाठी जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने केलेल्या प्रयोगांत खारट व गोड चवींची जाणीव या वातावरणात स्पष्टपणे मंदावल्याचे आढळले. त्यातच कमी दाबामुळे फेस भराभर वर येतो, तो निराळाच ताप. या अडचणी ध्यानी घेऊन २०१७ मध्ये कॅथे पॅसिफिकने खास पस्तीस हजार फुटांसाठी ‘बेट्सी’ नावाची बिअर बनविली. तीत मध होता, लिचीच्या कुळातील लोंगन हे फळ होते, आणि नाव होते कंपनीच्या पहिल्या डीसी-३ विमानाचे. त्याच्या वर्षभर आधी केएलएमने पिंपातून ओतलेली बिअर विमानात देण्याची युक्ती योजली, आणि अमेरिकेच्या वायव्येकडील होरायझन एअरने तर आपल्या प्रांतातील लहान कारखान्यांची बिअर विनामूल्य देऊन लौकिक मिळविला होता. २०१९ साली ब्रिटिश एअरवेजच्या शताब्दीनिमित्त स्कॉटलंडच्या ब्रूडॉगने ‘स्पीडबर्ड १००’ तयार केली. या सर्व खटपटींत जाहिरातीचा अंश किती आणि रसिकतेचा किती, याचा निवाडा मी करीत नाही. मला तरी जाहिरातीचे पारडे जड दिसते. अपवाद म्युनिकचा. तेथील विमानतळावर १९९९ पासून ‘एअरब्रॉय’ नावाची भट्टी प्रत्यक्ष आवारातच चालते, आणि प्रवाशास जी बिअर मिळते ती काही पावलांवरच्या टाकीतून येते. येथे जाहिरातीपेक्षा पाण्याला आणि माल्टला अधिक मान आहे.

आपल्याकडे लहान भट्ट्यांची लाट पुण्यास आली ती २००९ च्या सुमारास, ‘डूलाली’च्या रूपाने. राज्य सरकारने लहान भट्ट्यांना परवाने देण्याचे धोरण स्वीकारले आणि गव्हाची, सफरचंदाची, कॉफीच्या वासाची अशी नाना तऱ्हेची बिअर पुणेकरांच्या टेबलावर येऊ लागली. मुंबईस बार्किंग डीअर २०१३ मध्ये उघडले, आणि पुढे इंडिपेन्डन्स, गेटवे, ग्रेट स्टेट ही नावे कानी पडू लागली. गोव्यात तर २०१८ च्या आसपास डबाबंद क्राफ्ट बिअरचे पेवच फुटले. परंतु या पेयाचा स्वभावच असा, की ते गावाबाहेर जाण्यास नाखूश असते: पाश्चरीकरण न केलेली, यीस्ट अजून जिवंत असलेली बिअर शीतपेटीविना चार दिवस प्रवासात राहिली तर तिचे गुण उतरतात. दूरच्या विमानतळावरच्या शीतपेटीत म्हणूनच बहुधा तीच ती लागर, मोठ्या कारखान्यांची, सर्वत्र एकसारखी. आणि निवड करा असे सांगणारी सुबक यादी हाती देऊन प्रत्यक्षात पर्याय मोजकेच ठेवणे ही विमानतळांची जुनी खोड आहे.

मोठ्या कारखान्यांच्या लागरीस मी तुच्छ लेखतो असा मात्र समज होऊ नये. वाळूजच्या परिसरात देशातील नामांकित बिअर कारखान्यांची रांगच लागली आहे, आणि मराठवाड्यातील कित्येक घरांच्या चुली त्यांवर पेटतात. त्याच मराठवाड्यात २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला आगगाडीने पाणी पोहोचवावे लागले आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मितीच्या कारखान्यांच्या पाण्यात साठ टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला. पहूरवरून जाणाऱ्या मालमोटारीकडे पाहताना त्या खोक्यांत जायकवाडीचे पाणी किती, हा हिशेब ज्याच्या मनात येत नाही त्याने दुष्काळ वर्तमानपत्रातच पाहिला असला पाहिजे.

आबकारीच्या सत्तेचा खरा प्रत्यय वयाच्या बाबतीत येतो. समजा, पहूरचा बावीस वर्षांचा एखादा अभियंता नोकरीच्या मुलाखतींसाठी देशभर फिरतो आहे. गोव्याच्या मोपा विमानतळावर, वयाची अट अठराची असल्याने, त्यास यादीतले काहीही मागता येईल. मुंबईत एकवीस पूर्ण झाल्यामुळे सौम्य बिअर मिळेल, परंतु कडक मद्यासाठी पंचविशीची वाट पाहावी लागेल. दिल्लीत पंचवीसच्या आत बिअरही नाही. अहमदाबादेत तर त्याचे वय विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. माणूस तोच, तहान तीच, दोन विमानतळांत दीड-दोन तासांचे अंतर; आणि कायद्याच्या लेखी तो क्षणात प्रौढ, क्षणात अज्ञान. नवापूरच्या रेल्वे स्थानकात फलाटावरचे एकच बाक अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत आहे, म्हणून लोक तेथे हौसेने छायाचित्रे काढतात. विमानतळांना असे बाक नाही, एवढाच भेद.

आणि आता जळगाव. २३ मार्च २०१२ रोजी जिल्ह्याच्याच कन्या असलेल्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते तेथील विमानतळाचे उद्घाटन झाले, परंतु नियमित विमानासाठी डिसेंबर २०१७ उजाडावे लागले. ‘उडान’ योजनेखाली एअर डेक्कनचे जेमतेम अठरा आसनांचे विमान मुंबईस जाऊ लागले, रखडले, बंद पडले. २०१९ मध्ये ट्रूजेट आले आणि तेही गेले. २०२४ च्या एप्रिलपासून फ्लाय९१ ची पंख्याची एटीआर विमाने गोवा व हैदराबादकडे, आणि लवकरच पुण्याकडेही, जाऊ लागली. कंपनीच्या नावातील ९१ हा अंक देशाच्या दूरध्वनी संकेतांकावरून आला. २०१५ पासून शहरी तरुणांत गाजलेल्या बिरा ९१ या बिअरचाही तोच. योगायोग आणखी एक असा, की या विमान कंपनीचे संस्थापक मनोज चाको हे एकेकाळी किंगफिशर एअरलाइन्सचे अधिकारी होते. तरीही जळगाव ते गोवा हा प्रवास नियमाप्रमाणे कोरडाच होतो. मोपाला उतरलेल्या खानदेशी मंडळींस स्थानिक डब्यांची मुबलक निवड आहे; मात्र परतताना ते डबे सामानात घातले, तर विमान कंपनीची त्यास हरकत नसली तरी महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क खात्याची आहे, कारण गोव्याचे मद्य परवान्याविना या राज्यात आणणे गुन्हा ठरते.

हे सर्व मी मध्यंतरी पहूरच्या बसस्थानकालगतच्या चहाच्या टपरीवर विस्ताराने सांगत होतो. ऐकणाऱ्यांत एक वयस्क केळीउत्पादक होते, ज्यांचा मुलगा त्यांना गोवा दाखवायला विमानाने नेणार होता. त्यांनी बेट्सीपासून उत्पादन शुल्कापर्यंत सर्व शांतपणे ऐकले आणि मग नेमका प्रश्न विचारला, “म्हणजे भाऊ, विमानात चहा तरी फुकट देतात का?” मी म्हणालो, नाही, विकत घ्यावा लागतो. त्यावर त्यांनी टपरीवाल्यास आणखी एक कटिंग सांगितला आणि गोव्याला रेल्वेने किती तास लागतात याची चौकशी सुरू केली.