मत्स्यप्रथिने आणि इन्शुलिन-रोध

भंडारा जिल्ह्यात भात व मासोळी यांची सांगड जुनी आहे. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर धान पिकते आणि त्याच पाण्यात ढिवर समाज जाळे टाकतो. १९५१ साली मालगुजारी गेली, तेव्हा लोकभाषेने 'माजी मालगुजारी'च्या आद्याक्षरांतून 'मामा तलाव' हे आप्तवाचक नाव घडविले. या तलावांतील मासोळीचा मधुमेहाशी काही संबंध पोचतो काय, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम संज्ञेविषयी. 'इन्शुलिनचा रोध' यातील षष्ठी संदिग्ध आहे. इन्शुलिन रोध करते, की इन्शुलिनला रोध होतो? अभिप्रेत अर्थ दुसरा. स्नायू, यकृत व मेदपेशी इन्शुलिनच्या संदेशास पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. स्वादुपिंड अधिक इन्शुलिन स्रवून ही उणीव काही काळ भरून काढते. ते अपुरे पडू लागले म्हणजे रक्तशर्करा चढते. १९३६ साली लंडनच्या हिम्सवर्थ यांनी मधुमेहाचे इन्शुलिनला संवेदनशील व असंवेदनशील असे दोन प्रकार मानले. 'असंवेदनशीलता' हा त्यांचा शब्द आजच्या शब्दाहून निःसंशय अधिक नेमका होता. हा दोष केवळ स्थूल देहाचा नव्हे. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही मेदाचे प्रमाण बरेच असू शकते, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखविले आहे.

माशाच्या गुणाचे श्रेय सामान्यतः त्याच्या तेलास दिले जाते. कॅनडातील लावाल विद्यापीठाच्या संशोधकांनी मात्र प्रथिनांचा स्वतंत्र विचार केला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांना भरपूर स्निग्धांशाचा आहार दिला होता. भेद होता तो प्रथिनांचा. दुधातील केसीन किंवा सोयाबीनचे प्रथिन खाणाऱ्या उंदरांच्या स्नायूंत इन्शुलिन-रोध उत्पन्न झाला. कॉड माशाचे प्रथिन खाणाऱ्यांत तो टळला. पुढील अभ्यासात याचे कारणही काहीसे उलगडले. इन्शुलिनचा संदेश पेशीत पुढे नेणारी साखळी कॉड-प्रथिनामुळे शाबूत राहते, आणि शर्करा आत घेणारे वाहक पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचतात. टॉरिनसारख्या घटकांकडे व ॲमिनो आम्लांच्या विशिष्ट प्रमाणाकडे संशोधकांनी बोट दाखविले आहे.

मानवी प्रयोग लहान आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इन्शुलिन-रोध असलेल्या एकोणीस स्त्रीपुरुषांनी चार आठवडे कॉड-प्रथिनांचा व चार आठवडे मांस, अंडी, दूध यांतील प्रथिनांचा आहार घेतला. कॉडच्या आहाराने इन्शुलिन-संवेदनशीलता सुधारली.

येथे घाई करणे मला गैर वाटते. त्या प्रयोगात माशाने मांस, अंडी व दूध यांची जागा घेतली होती. आपल्या ताटात तो कशाची जागा घेतो? रश्श्यातील मासोळीमुळे भाताची एक मूद कमी झाली, तर लाभातील काही वाटा कमी झालेल्या भाताचा. भात तेवढाच राहिला, तर ती निव्वळ भर. तीच मासोळी तेलात तळली, तर तुलना आणखी बिघडते. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत, यामागे ताटांतील हा भेदही असावा. कॉडप्रमाणे मरळ हाही कमी चरबीचा मासा. परंतु चरबीच्या साम्यावरून प्रथिनांचा गुण ठरत नाही. त्यासाठी मरळीचेच प्रथिन, उष्मांक व भात समान ठेवून, डाळीच्या प्रथिनाशी ताडून पाहिले पाहिजे.