गरोदरपणातील उच्च रक्तदाब : जाणीव आणि शब्द

गरोदर स्त्रियांना उच्च रक्तदाबाची कितपत जाणीव आहे, हे पाहावयाचे झाल्यास 'रक्तदाब म्हणजे काय, हे ठाऊक आहे काय?' असा प्रश्न विचारणे सोपे असते. त्यास होकार मिळणेही आज कठीण नाही. 'बीपी' हे आद्याक्षरी रूप मराठी बोलण्यात इतके रुळले आहे की, 'तिला बीपी आहे' एवढे म्हणताच ऐकणारास आजाराचा बोध होतो. वस्तुतः रक्ताचा दाब प्रत्येक जिवंत माणसास असतोच. तो वाढणे हा विकार होय. परंतु विकाराचे नाव ठाऊक असणे आणि तो आपल्या ठायी ओळखता येणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होऊन त्याबरोबर लघवीत प्रथिने उतरू लागली, अथवा यकृत, मूत्रपिंड आदी इंद्रियांवर परिणाम दिसू लागला, म्हणजे त्या अवस्थेस 'प्रीएक्लॅम्प्सिया' म्हणतात. तिच्यातून झटके उद्भवले की 'एक्लॅम्प्सिया' होतो व माता आणि गर्भ या दोघांच्याही जिवास धोका पोहोचतो. या नावाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'एकाएकी चमकून उठणे' असा आहे. नावात अशी आकस्मिकता असली, तरी पुष्कळ वेळा झटक्यांपूर्वी शरीर काही सूचना देते : तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, ओकारी, चेहऱ्यावर व हातांवर एकाएकी सूज येणे.

या लक्षणांना घरगुती मराठीत शब्द नाहीत, असे मुळीच नाही; अडचण नेमकी उलट आहे. डोके दुखून ओकारी झाली आणि पोटाच्या वरच्या भागात दुखू लागले की 'पित्त झाले' असे म्हटले जाते. डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा अंधारी आली की तो 'अशक्तपणा' ठरतो. सुजेविषयी तर 'दिवसांत सूज यावयाचीच' हे वाक्य तयारच असते. यांतील प्रत्येक समजूत इतर प्रसंगी खरीही ठरते. पायांवर थोडी सूज पुष्कळ निरोगी गरोदर स्त्रियांनाही येते. म्हणूनच ती विश्वसनीय वाटते. शब्द मिळाला की कारण मिळाल्याचे समाधान होते, कारण मिळाले की घरचा उपाय सुरू होतो, आणि दवाखान्यात जाण्याची वेळ टळून जाते. 'बीपी' आणि 'पित्त' हे दोन्ही शब्द एकाच स्त्रीच्या तोंडी असू शकतात. मात्र त्या दोहोंतील संबंध तिला कोणी सांगितलेला नसतो.

दुसरी एक अडचण विकाराच्या स्वरूपातच आहे. दाब वाढला तरी बहुधा काहीच जाणवत नाही. 'मला काही त्रास नाही' हे स्त्रीचे म्हणणे प्रामाणिक असते, परंतु पुरेसे नसते. त्यासाठी प्रत्येक तपासणीच्या वेळी दाब मोजणे व लघवी तपासणे अगत्याचे आहे. भारतात २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दरमहा ९ तारखेस विनामूल्य तपासणीची सोय करण्यात आली. तपासणीनंतर कार्डावर आकडा लिहिला जातो. तो आकडा किती आहे व त्याचा अर्थ काय, हे स्त्रीस तोंडी सांगितले, तरच ते ज्ञान तिचे होते.

बाळंतपणाबरोबर धोका संपला, ही समजूतही खरी नव्हे. प्रसूतीनंतरही, विशेषतः पहिल्या काही दिवसांत, झटके येऊ शकतात. म्हणून बाळंतिणीच्या डोकेदुखीचे खापर केवळ जागरणावर फोडता येत नाही. उपाय उपलब्ध आहेत. मॅग्नेशियम सल्फेटमुळे झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसून आले. परंतु औषधाचा लाभ वेळेवर पोहोचणारीसच होतो.

यावरून जाणीव मोजण्याच्या रीतीचाही पुनर्विचार करावा लागतो. 'रक्तदाब ठाऊक आहे काय?' या प्रश्नाने शब्दाचा प्रसार मोजला जाईल. 'सातव्या महिन्यात डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर काय झाले असे समजाल, आणि काय कराल?' या प्रश्नाच्या उत्तरात 'पित्त' येते की 'दवाखाना', यावरून खरी जाणीव कळेल. आरोग्यशिक्षणानेही नवी संज्ञा शिकवून न थांबता जुन्या शब्दांना हात घातला पाहिजे : गरोदरपणाच्या उत्तरार्धात पित्त वाटले, तर आधी दाब मोजून घ्यावा, एवढे एक वाक्य घरोघरी रुजणे अधिक मोलाचे आहे.