कुडाची भिंत, विटांची भिंत

'वारली' म्हटलं की आपल्याला फेस्टिव्हलचं पोस्टर आठवतं. पण ही चित्रं मुळात ज्या भिंतीवर काढली जायची, ती भिंत कशी असते? मी सिव्हिलची, त्यामुळे मला तीच जास्त इंटरेस्टिंग वाटते.

१ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याच्या उत्तर टोकाला, गुजरातला लागून, डहाणू आणि तलासरी. पाडे विखुरलेले, वस्ती बहुतेक आदिवासी. इथलं जुनं घर कुडाचं. कारवीच्या काठ्या बांधायच्या, वर शेणमाती लिंपायची आणि सणाला, लग्नाला तांदळाच्या पिठाने चित्रं काढायची. हीच कला जगभर नेणाऱ्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

नोव्हेंबर २०१८ पासून या भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. एकच मोठा नाही, तर लहान धक्क्यांची रांगच. याला 'स्वार्म' म्हणतात. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. भर थंडीत लोक घर सोडून तंबूत झोपले.

आता साधं गणित. भिंत जितकी जड, तितकं तिच्यावर भूकंपाचं बल जास्त. कूड हलका आणि लवचिक, तो डुलतो. फार तर लिंपण गळतं. विटांची भिंत जड नि ठिसूळ, तिला तडे जातात.

म्हणून काय पक्कं घर नको? हवंच! पण दार-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना बांधणारा काँक्रीटचा सलग पट्टा आणि कोपऱ्यांत उभ्या सळ्या हव्यात. परीक्षेत आपण हे लिहितोच. पाड्यावरच्या गवंड्यापर्यंत ते कोण पोचवणार?